अबोल लोकसेवक : क्लेमंट ॲटली

राज्यशास्त्राच्या पुस्तकात क्लेमंट ॲटली यांचे नाव एकाच वाक्यात येते. जून १९४८ पूर्वी हिंदुस्थानची सत्ता सोडण्याची घोषणा ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी पार्लमेंटमध्ये केली. ते पंतप्रधान म्हणजे ॲटली. परीक्षेपुरते एवढे पुरते. पुढच्याच परिच्छेदात माउंटबॅटन येतात आणि ॲटली जे निघून जातात ते पुन्हा भेटत नाहीत.

मला त्यांच्याविषयी कुतूहल वाटू लागले ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्याविषयी जे जे वाचायला मिळाले त्यात एक विशेषण सारखे आडवे येत होते, ते म्हणजे ‘लाजाळू’. इंग्रजी पुस्तक वाचायला मला वेळ लागतो, शब्दकोश जवळ घेऊन बसावे लागते. पण या शब्दासाठी शब्दकोशाची गरज पडली नाही. पुढारी म्हटले की आपल्यासमोर एक ठराविक चित्र उभे राहते. भरदार आवाज, हातात ध्वनिक्षेपक, मागेपुढे माणसे. वर्गात उभे राहून हजेरी देतानाही ज्याचा घसा कोरडा पडतो त्याने सार्वजनिक कामाच्या वाटेला जाऊ नये, असे आपण सर्वांनी जणू ठरवूनच टाकले आहे. मग असा माणूस सहा वर्षे ब्रिटनचा पंतप्रधान आणि वीस वर्षे आपल्या पक्षाचा नेता कसा झाला? याचे उत्तर त्यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात सापडत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, लंडनच्या एका गरीब वस्तीत सापडते. म्हणून मी येथे मुख्यतः १९०५ ते १९२० या पंधरा वर्षांविषयीच लिहिणार आहे.

ॲटली यांचा जन्म ३ जानेवारी १८८३ रोजी लंडनच्या पटनी या भागात झाला. आठ भावंडांत ते सातवे. वडील हेन्री ॲटली नावाजलेले सॉलिसिटर होते. घर मोठे, खाऊनपिऊन सुखी आणि देवधर्म पाळणारे होते. नवव्या वर्षापर्यंत क्लेमंटचे शिक्षण घरीच आईच्या हाताखाली झाले. शरीराने ते किरकोळ होते. क्रिकेटचे त्यांना अतोनात वेड, पण मैदानावर कधी चमकले नाहीत. पुढे ते ज्या हेलिबरी शाळेत गेले तिची जागा आपल्या इतिहासाशी जोडलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनी आपले मुलकी अधिकारी हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी जेथे तयार करीत असे ते कॉलेज याच जागेत होते. तेथून १९०१ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तेथील विद्यार्थ्यांची वादसभा जगप्रसिद्ध आहे. तिचे सभासद होऊनही भाषणासाठी उठण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. १९०४ मध्ये इतिहास घेऊन दुसऱ्या वर्गात ते पदवीधर झाले. त्या वेळची त्यांची मतेही त्यांच्या घराला शोभतील अशीच होती. गरीब माणूस आपल्या आळसामुळे व व्यसनामुळे गरीब राहतो आणि राज्य करावे ते कर्त्या माणसांनी, असे त्यांना वाटे. वडिलांचा व्यवसाय पाहून ते वकिलीकडे वळले व १९०६ मध्ये बॅरिस्टर झाले. पण त्या कामात त्यांचे मन रमले नाही आणि अशिलेही फारशी आली नाहीत.

१९०५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एके संध्याकाळी धाकटा भाऊ लॉरेन्स याच्याबरोबर ते पूर्व लंडनमधील स्टेपनी या भागात गेले. हेलिबरी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने तेथे कामकरी मुलांसाठी एक क्लब चालत असे. (आपल्याकडे स्टेपनी म्हणजे गाडीचे जादा चाक. त्या शब्दाचा या भागाशी काही संबंध नाही. तो वेल्समधल्या लनेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला आहे. ही माहिती शोधताना माझा एक तास गेला, म्हणून येथे नोंदवून ठेवते.)

स्टेपनी म्हणजे लंडन बंदराला चिकटलेली वस्ती. गोदीवर रोज सकाळी माणसे रांगा लावीत, मुकादम त्यांतली काही निवडी, बाकीचे रिकाम्या हाताने परत जात. रशियातील छळाला कंटाळून आलेली ज्यू कुटुंबे, दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या आयरिश लोकांची मुलेबाळे आणि स्थानिक इंग्रज मजूर अशी दाटीवाटीची वस्ती होती ती. आपल्या बाजूची माणसेही तेथे होती. लाइमहाउस या स्टेपनीतील भागात १८५७ मध्ये आशियाई खलाशांसाठी एक निवारागृह उघडले गेले होते. मुंबईहून बोटींवर चढणारे खलाशी, त्यांत रत्नागिरीकडचेही पुष्कळ, या गोदीवर उतरत. आपल्या कोकणातला माणूस आणि हा भावी पंतप्रधान एकाच रस्त्यावरून चालत असतील, हे मनात आले की इतिहास जरा जवळचा वाटतो.

क्लबमध्ये ॲटली पहिल्यांदा गेले ते केवळ भावाबरोबर, एक भेट म्हणून. मग आठवड्यातून एकदा जाऊ लागले, मग अनेकदा. मुले चौदा ते अठरा वर्षांची होती. दिवसा गाड्यांवर, कारखान्यांत, दुकानांत राबणारी. क्लब कॅडेट पथकाला जोडलेला असल्याने मुलांना कवायत शिकवावी लागे, आणि त्यासाठी ॲटली स्वतः पथकाचे अधिकारी झाले. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्याला कवायतीचे हुकूम देता येतात, कारण तेथे काय बोलायचे ते आधीच ठरलेले असते. मुलांच्या बोटांना धरून शिकवणे, सामने भरवणे, शिबिराला नेणे, हिशेब ठेवणे अशा कामांतून त्यांचे संकोचलेले मन हळूहळू मोकळे झाले. १९०७ मध्ये ते क्लबचे व्यवस्थापक झाले आणि आपले सुखवस्तू घर सोडून तेथेच राहावयास गेले. पगार वर्षाला ५० पौंड.

राहायला गेल्यावर मात्र त्यांची मते टिकली नाहीत. आळशी म्हणून ज्यांची संभावना केली होती ती माणसे पहाटेपासून राबताना दिसू लागली. एकमेकांच्या अडीअडचणीला ती जी धावून जात, तशी धाव त्यांनी आपल्या वर्गात पाहिली नव्हती. एक प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे. रस्त्याने जाताना एका अनवाणी मुलीने त्यांचा हात धरला आणि कुठे निघालात म्हणून विचारले. आपण घरी चहाला चाललो आहोत, असे त्यांनी सांगितले. त्यावर ती सहजपणे म्हणाली की, तीही घरीच चालली आहे, पण चहा आहे की नाही ते पाहायला. त्या काळच्या इंग्रजांच्या घरी चहा म्हणजे संध्याकाळचे खाणेच. ॲटलींनी समाजवादावरची पुस्तके वाचली, रस्किन वाचला, विल्यम मॉरिस वाचला. परंतु पुस्तकांच्या आधी त्यांना ही मुलगी भेटली होती, हे विसरून चालणार नाही.

१९०८ च्या आरंभी ते इंडिपेंडंट लेबर पार्टीच्या स्टेपनी शाखेचे सभासद झाले. (या नावाचे मराठी केले तर स्वतंत्र मजूर पक्ष. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये काढलेल्या पक्षाचेही हेच नाव होते.) नावावरून पक्ष मोठा वाटेल, पण त्या शाखेची सभासदसंख्या जेमतेम डझनभर होती. साहजिकच प्रत्येकाला प्रत्येक काम करावे लागे, आणि त्यातच रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून भाषण करणेही आले. त्याच वर्षी लाइमहाउसच्या एका रस्त्यावर दिव्याखाली उभे राहून ॲटलींनी आपले पहिले भाषण केले. ऑक्सफर्डमध्ये ज्याचे पाय उचलले नव्हते त्याला हे कसे साधले? मला वाटते, ऑक्सफर्डमध्ये त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते. येथे होते. समोर थांबलेल्या माणसाच्या खोलीचे भाडे किती, आठवड्यात त्याला किती दिवस काम मिळाले, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ते वक्ते झाले नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शेवटपर्यंत त्यांची भाषणे लहान, कोरडी आणि बिनरंगाची राहिली. त्यांचा लाजाळूपणा गेला असे कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. तो होता तेथेच होता, फक्त कामाच्या आड येईनासा झाला.

१९०९ मध्ये ते स्टेपनीच्या नगरपालिकेसाठी उभे राहिले आणि साफ पडले. त्या काळी लंडन शहर २८ बरोंमध्ये विभागलेले होते व प्रत्येक बरोचे स्वतंत्र नगरमंडळ असे. आपल्या भाषेत ती एकेक नगरपालिकाच. पडल्यावर ॲटली वस्ती सोडून गेले नाहीत. त्या वर्षी बीट्रिस वेब यांच्या गरीब कायद्याच्या सुधारणेसाठी चाललेल्या मोहिमेचे त्यांनी चिटणीसपद सांभाळले. मग काही काळ टॉयनबी हॉल या समाजसेवा केंद्राचे काम पाहिले. गोदी कामगारांच्या संपात मुलांना जेवण वाढण्याच्या कामाला लागले.

१९११ मध्ये त्यांना एक सरकारी काम मिळाले, त्याची मला सर्वांत गंमत वाटते. लॉइड जॉर्ज यांची राष्ट्रीय विमा योजना येत होती. आजारपणात मजुराला मदत मिळावी म्हणून मजूर, मालक आणि सरकार यांनी मिळून वर्गणी भरावयाची, असे तिचे स्वरूप होते. पण ती लोकांना कळेना. म्हणून सरकारने समजावून सांगणारी माणसे नेमली, त्यांत ॲटली होते. एसेक्स व सॉमरसेट या परगण्यांत सायकलीवरून फिरून त्यांनी गावोगावच्या सभांत ही योजना समजावून दिली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीतल्या आजीबाईंचा पेन्शनचा अर्ज असो की कोणाचे पीकविम्याचे कागद असोत, ते माझ्याकडे येतात. योजना मुंबईत जाहीर होते. ती गावातल्या माणसाच्या हातात पडते तेव्हा मधे कोणीतरी बसून कागद वाचून दाखविलेला असतो. हे काम कोठल्याही चरित्रात दोन ओळींहून अधिक जागा घेत नाही. ॲटलींच्या चरित्रातही घेत नाही. परंतु पस्तीसएक वर्षांनी त्यांच्या मंत्रिमंडळाने जो व्यापक राष्ट्रीय विमा कायदा केला, तो करणाऱ्या पंतप्रधानाने जुन्या योजनेतील खाचाखोचा सायकलीवर बसून शिकलेल्या होत्या.

१९१२ मध्ये ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये ते समाजशासन हा विषय शिकवू लागले. त्या जागेसाठी ह्यू डाल्टन यांच्यासारखा अर्थशास्त्राचा बुद्धिमान अभ्यासक स्पर्धेत होता. पण प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहून निवड ॲटलींची झाली. (हेच डाल्टन पुढे त्यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.) महायुद्धामुळे मधे खंड पडला तरी १९२३ पर्यंत ते या संस्थेत होते. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली आणि नंतर १९२० पासून याच संस्थेत शिकत होते.

पहिले महायुद्ध सुरू होताच ॲटली सैन्यात दाखल झाले. थोरल्या भावाने, टॉमने, युद्धाला विरोध केला व त्यासाठी तुरुंगवास पत्करला. एकाच घरातील दोन भाऊ असे दोन दिशांना गेले. ॲटली गॅलिपोलीच्या मोहिमेत होते आणि डिसेंबर १९१५ मध्ये सुव्हला उपसागरातून सैन्य मागे घेतले तेव्हा अगदी शेवटी निघालेल्या दोघांपैकी ते एक होते. मेसोपोटेमियात १९१६ मध्ये ते जखमी झाले आणि उपचारासाठी प्रथम हिंदुस्थानातच आले. युद्ध संपले तेव्हा ते मेजर होते. पुढे अनेक वर्षे लोक त्यांना मेजर ॲटली याच नावाने ओळखत.

१९१९ मध्ये ते परत स्टेपनीत आले. त्या नोव्हेंबरात तेथील नगरमंडळाच्या ६० जागांपैकी बहुसंख्य मजूर पक्षाने जिंकल्या. निवडून आलेल्यांत आयरिश आणि ज्यू अशा दोन्ही बाजूंची माणसे होती, बहुतेक सर्व नवखी. महापौर कोणाला करावे असा पेच पडला तेव्हा दोन्ही बाजूंना चालेल असा, कोणाच्याही वाट्याला न गेलेला माणूस म्हणून ॲटलींचे नाव पुढे आले. ते स्वतः नगरसेवक म्हणून निवडूनही आलेले नव्हते, पण कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाला महापौर करता येत असे. वयाच्या ३६ व्या वर्षी ते स्टेपनीचे मजूर पक्षाचे पहिले महापौर झाले. चौदा वर्षे ज्याने आवाज न करता काम केले होते त्याच्याविषयी कोणाला हरकत घेता आली नाही.

महापौर म्हणून त्यांनी काय केले ते पाहिले तर त्यात टाळ्या मिळविणारे काही नाही. पावसात गळणारी छपरे, तुंबलेली गटारे, एका खोलीत दाटलेली दोन कुटुंबे आणि भाडे घेऊन तोंड न दाखविणारे मालक, हे स्टेपनीचे नित्याचे दुखणे होते. आरोग्याचे कायदे पुस्तकात होतेच, अंमल नव्हता. नव्या मंडळाने घरांची तपासणी सुरू केली, मालकांवर दुरुस्तीसाठी हजारो नोटिसा बजावल्या आणि ती दुरुस्ती होते की नाही हे पाहायला निरीक्षक नेमले. बाळंतिणी व तान्ही मुले यांच्यासाठी घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांची व्यवस्था केली. बालमृत्यूंचे प्रमाण खाली आले. एकही नवा कायदा न करता, हातात असलेला कायदा वापरून हे झाले. आमच्या गावच्या ग्रामसभेत मी दोनदा जाऊन बसले आहे. तेथे मागण्या पुष्कळ होतात. पण कोणत्या कायद्याने, कोणत्या कलमाने, कोणी नोटीस काढायची, हे विचारणारा एकही माणूस मला दिसला नाही. विचारले मीही नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक लढविण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. मला अजून दोन वर्षे आहेत, आणि या दोन वर्षांत पंचायतीचा कायदा वाचून काढायचा असे मी ठरविले आहे.

ॲटलींची खरी कसोटी १९२० च्या ऑक्टोबरात लागली. युद्धावरून परतलेल्या माणसांना काम नव्हते. लंडनच्या मजूर पक्षाच्या महापौरांचे शिष्टमंडळ पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटावयास गेले, आणि आपापल्या बरोंतून बेकारांचे मोर्चे निघाले. डाउनिंग स्ट्रीटच्या परिसरात पोलिसांशी चकमक उडाली, लाठ्या चालल्या. स्टेपनीचा मोर्चा त्या गर्दीत शिरण्याच्या बेतात असता ॲटलींनी त्याला थांबविले, तोंड फिरवायला लावले आणि शिस्तीत परत वस्तीत आणले. क्लबमधल्या कवायतीचा उपयोग येथे झाला असे मी म्हटले तर कोणी हसू नये. त्या गर्दीतले कितीतरी जण त्यांना मेजर म्हणून ओळखत होते, आणि काहींना त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते. त्याच वर्षी समाजसेवकाच्या कामावरचे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९२२ मध्ये व्हायोलेट मिलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी लाइमहाउसमधून ते पार्लमेंटवर निवडून आले. १९३५ मध्ये मजूर पक्षाचे नेते, युद्धकाळात चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान आणि जुलै १९४५ मध्ये पंतप्रधान. त्या निवडणुकीच्या प्रचारात चर्चिल यांच्यामागे मोठा थाट होता. ॲटली मात्र घरच्या लहान मोटारीतून फिरत होते आणि ती चालवीत होती त्यांची पत्नी. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा हे त्यांच्या सरकारचे सर्वांत मोठे काम समजले जाते. स्टेपनीत दारोदार फिरणाऱ्या त्या आरोग्यसेविका मला त्यात दिसतात.

आपल्या देशाच्या बाबतीत मात्र त्यांचे मोजमाप इतक्या सरळपणे करता येत नाही. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन आयोग मुंबईला उतरला तेव्हा काळी निशाणे घेऊन त्याचे स्वागत झाले. त्या आयोगाच्या सात सभासदांत ॲटली होते. एकही हिंदी माणूस नसलेल्या आयोगात बसणे त्यांनी मान्य केले, ही गोष्ट मला खटकते. आयोग पुण्यास आला असता २३ ऑक्टोबर १९२८ रोजी डॉ. आंबेडकरांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. हिंदुस्थानचा प्रश्न ॲटलींनी तेव्हापासून सोडला नाही, आणि सत्ता हाती येताच तो पुढे ढकलला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगावे लागेल. परंतु जून १९४८ ची मुदत १५ ऑगस्ट १९४७ वर आणली गेली. त्या घाईत झालेल्या फाळणीत लाखोंचे प्राण गेले आणि कोटीहून अधिक माणसे घरे सोडून निघाली. स्टेपनीत एकेका घराची तपासणी करणाऱ्या माणसाच्या सरकारने पंजाब व बंगालमधल्या घरांचा हिशेब इतक्या उतावीळपणे कसा मिटविला, या प्रश्नाशी मी अडखळते. सरांशी बोलले, मैत्रिणींशी वाद घातला. माउंटबॅटन यांच्याकडे बोट दाखवून काहीजण हा प्रश्न संपवितात. पण अखेरचा शब्द मंत्रिमंडळाचा होता आणि मंत्रिमंडळ ॲटलींचे होते.

१९५१ मध्ये त्यांचे सरकार गेले. १९५५ मध्ये नेतेपद सोडून ते लॉर्ड झाले आणि ८ ऑक्टोबर १९६७ रोजी वारले.

लाइमहाउसच्या सार्वजनिक ग्रंथालयासमोर १९८८ मध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला. पुढे ते ग्रंथालय बंद पडले आणि ओस पडलेल्या जागेत पुतळ्याची मोडतोड झाली. दुरुस्त करून २०११ मध्ये तो जवळच माइल एंड रस्त्यावर क्वीन मेरी विद्यापीठाच्या आवारात आणून बसविला. पूर्वीच्या स्टेपनीच्या हद्दीतलीच ती जागा आहे, आणि आता त्याच्या आजूबाजूने कॉलेजातली मुले-मुली ये-जा करतात.